लिटनचे ४९.६ अंश कुठून आले?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अकोल्यात लहानाचे मोठे झालात, मेच्या सुटीत ४४-४५ अंशांत भर दुपारी क्रिकेट खेळलात. जून २०२१ च्या अखेरीस तुम्ही कॅनडात, व्हँकुव्हरजवळ ॲबॉट्सफर्डला होतात. तिथे पारा ४२ च्या पुढे गेला आणि दोन रात्री तुम्ही बाथरूमच्या फरशीवर ओला पंचा अंगावर घेऊन काढल्यात. त्याच लाटेत त्याच प्रांतातल्या, ब्रिटिश कोलंबियातल्या, लिटन गावाने ४९.६ अंश गाठले. अक्षांश ४९, समुद्र जवळ, डोंगरमाथ्यावर बर्फ. अशा ठिकाणी इतकी उष्णता आली कशी? दक्षिणेकडच्या वाळवंटातून गरम वारा वर चढला का? हा हवामान बदल म्हणायचा की योगायोग? येत्या उन्हाळ्यात आईवडिलांना तिकडे न्यायचं आहे, म्हणून तुम्हाला हे नीट समजून घ्यायचं आहे.

मी हवामान अंदाजाचं काम जवळपास तीस वर्षं केलं, त्यातलं बरंचसं किनारपट्टीवर. कॅनडात काम केलेलं नाही. पण त्या आठवड्यात मी रोज सकाळी तिकडचे नकाशे उघडून बसत होते, कारण असं काही आजवरच्या कामात पाहिलं नव्हतं. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि सगळा गुंता तिथेच आहे. उष्णता कुठून तरी ‘येते’ असं तुम्ही धरून चालला आहात. अकोल्यापुरतं ते पुष्कळ खरं आहे. एप्रिल-मेमध्ये वायव्येकडून, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या तापलेल्या जमिनीवरून कोरडा वारा विदर्भात येतो. तिकडे आधीच तापलेली हवा इकडे पोचते. ॲबॉट्सफर्डला त्या दिवसांत जी हवा होती, तिचा बराच भाग मात्र काही दिवस आधी प्रशांत महासागराच्या वर, कित्येक किलोमीटर उंचावर, गार होता. ती खाली येताना तापली. उष्णता वाहून आली त्यापेक्षा जास्त तिथल्या तिथे तयार झाली.

एखाद्या ठिकाणची हवा तापते ती तीन वाटांनी. गरम प्रदेशातून वाहून येते, ही एक. वरून खाली उतरते आणि दाबली जाऊन तापते, ही दुसरी. आणि जमिनीजवळ थांबून उन्हात तापत राहते, ही तिसरी. कुठल्याही लाटेत तिन्ही असतात. कुणाचा वाटा किती, ते ठिकाणावर, महिन्यावर आणि वरच्या वाऱ्यांच्या मांडणीवर ठरतं. म्हणून ‘उत्तरेकडे उष्णतेची लाट कशामुळे येते’ याला एकच उत्तर नाही. जून २०२१ मध्ये दुसरी आणि तिसरी वाट एकदम उघडली होती.

आता वर बघू. मध्यम अक्षांशांवर आठ-दहा किलोमीटर उंचीवरून वाऱ्याचा एक जोरदार झोत पश्चिमेकडून पूर्वेकडे पृथ्वीभोवती फिरतो, तो जेट प्रवाह. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या सीमेवर तो वाहतो. तो सरळ नसतो, घाटरस्त्यासारखा वळत जातो. उत्तरेकडे फुगलेल्या वळणाखाली जास्त दाब आणि मोकळं आकाश असतं, दक्षिणेकडे झुकलेल्या वळणात कमी दाब, ढग आणि पाऊस. ही वळणं एरवी पूर्वेकडे सरकत राहतात, म्हणून तुमच्याकडे चार दिवस ऊन आणि चार दिवस भुरभुर असं चालतं. पण कधी एखादं वळण इतकं वाढतं की पुढे सरकणंच थांबतं. दोन्ही बाजूंना कमी दाब आणि मध्ये उंच फुगवटा अशी मांडणी नकाशावर ग्रीक ओमेगा अक्षरासारखी दिसते, म्हणून आम्ही तिला ओमेगा ब्लॉक म्हणतो. २५ जूनच्या सुमारास ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टन राज्यावर नेमका तोच बसला होता.

तो इतका का फुगला, याची साखळी दूर पश्चिमेकडे सुरू होते. जूनच्या उत्तरार्धात पश्चिम प्रशांतात मोठा पाऊस झाला आणि वरच्या वाऱ्यांत त्याचे तरंग पूर्वेकडे निघाले. दोरीचं एक टोक झटकलं की लाट दुसऱ्या टोकाला पोचते, तसंच काहीसं. त्यातच उत्तर प्रशांतावरच्या एका वादळाने दक्षिणेकडून बाष्पाचा मोठा लोट उत्तरेकडे ओढून घेतला. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, एका ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी. समुद्रावर तो पाऊस पडला तेव्हा ही सगळी उष्णता उंचावर मोकळी झाली आणि त्या हवेने पुढचा फुगवटा आणखी वर उचलला. या लाटेवर नंतर झालेल्या अभ्यासांतून ही बाजू पुढे आली आणि मला तीच सगळ्यात लक्षणीय वाटते. तुमच्या बाथरूमच्या फरशीपर्यंत पोचलेल्या उष्णतेचा एक भाग हजारो किलोमीटर दूर, भर समुद्रात पडलेल्या पावसाने मागे ठेवलेला होता.

फुगवटा किती होता ते सांगते. हवेचा दाब जिथे ५०० हेक्टोपास्कल, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या साधारण निम्मा होतो, त्या पातळीची उंची आम्ही रोज बघतो. खालची हवा जितकी गरम, तितकी ती फुगते आणि ही पातळी वर सरकते. तुमच्या भागात जूनअखेर ती साधारण ५.७ किलोमीटरवर असते. त्या दिवसांत ती ५.९७ किलोमीटरच्या आसपास गेली. मेच्या भर उन्हाळ्यात नागपूरच्या डोक्यावरसुद्धा ती सहसा ५.९ च्या आत असते. तो नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा मी तारीख आणि एकक पुन्हा तपासून पाहिलं होतं.

या उंच फुगवट्याखाली हवा सावकाश खाली बसत राहते. वेग फार नसतो, दिवसाला काही शे मीटर. पण खाली येताना तिच्यावरचा दाब वाढतो आणि ती दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तेच हे. ३ किलोमीटरवरची १६ अंशांची हवा जमिनीपर्यंत आणली तर ती ४६ ला पोचते. वाटेत थोडी उष्णता ती गमावते, पण हिशेब साधारण असाच. शिवाय खाली बसणारी हवा कोरडी होत जाते, ढग विरतात आणि ऊन थेट जमिनीवर पडतं.

आमच्या रोजच्या कामात हा हिशेब फार जुना आहे. वरच्या हवेचं तापमान मोजायला सोडलेल्या पहाटे साडेपाचच्या फुग्याचे आकडे आले की ते टी-फायग्राम नावाच्या तक्त्यावर मांडायचे आणि दीड किलोमीटरवरचं तापमान कोरड्या रेषेवरून, म्हणजे दर किलोमीटरला १० अंशांच्या त्याच हिशेबाने, घसरवत जमिनीपर्यंत आणायचं. जो आकडा मिळेल, तो त्या दिवसाच्या कमाल तापमानाचा पहिला अंदाज. मी ते पेन्सिलने शिकले, आता संगणक क्षणात करतो. तुमच्याकडे त्या आठवड्यात दीड किलोमीटरवर ३० अंशांच्या आसपास तापमान होतं, जे एरवी जूनमध्ये १० च्या आसपास असतं. त्यात १५ मिळवा, ४५ येतात. खाली जे घडलं ते वर आधीच लिहिलेलं होतं.

इथे एका शब्दाबद्दल. बातम्यांत ‘हीट डोम’, उष्णतेचा घुमट, हा शब्द सर्रास येतो. त्यावरून लोकांना वाटतं की जमिनीची उष्णता वर जाते आणि वर झाकण असल्यामुळे कोंडून राहते. झाकणाची कल्पना अगदीच चूक नाही, पण मुख्य गोष्ट तिच्यात हरवते. इथे उष्णतेचा मोठा ओघ वरून खाली होता.

एवढं सगळं असूनही समुद्रकिनाऱ्यालगतची शहरं वाचू शकली असती. प्रशांत महासागर तिथे उन्हाळ्यातही थंड असतो आणि दुपारी समुद्रवारा आत आला की पारा चढत नाही. तो का आला नाही, हे मला माझ्याच एका चुकीने शिकवलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, मार्च महिन्यात, कोकण किनाऱ्यावरच्या एका शहरासाठी मी ३५ अंशांचा अंदाज दिला. फुग्याचे आकडे वरची हवा तापल्याचं सांगत होते, पण समुद्रवारा अकराच्या सुमारास आत येईल आणि सगळं सावरेल असं मी धरलं. पूर्वेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जोरात वाहत राहिला, समुद्रवारा अडीचपर्यंत बाहेरच अडला आणि पारा ३९ ला गेला. त्या दुपारी रस्त्यावर काम करणाऱ्यांना कुणीही सावध केलं नव्हतं, आणि ते करणं माझं काम होतं. त्या दिवसानंतर कमाल तापमान लिहिण्याआधी पूर्वेचा वारा किती जोरात आहे हे मी नेहमी दोनदा पाहिलं. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंशांची नोंद झाली, तीही मार्चमधली आहे, मेमधली नव्हे. मुंबईकर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हैराण होतात ते याच पूर्वेच्या वाऱ्यामुळे.

सीमेपलीकडे अमेरिकेत, सिएटल आणि पोर्टलंडला नेमकं हेच झालं. फुगवट्याचं केंद्र अशा जागी आलं की खालच्या थरात वारा पूर्वेकडून, कॅस्केड पर्वतरांग ओलांडून किनाऱ्याकडे वाहू लागला. डोंगर उतरताना ती हवा आणखी दाबली गेली, आणखी तापली, आणि समुद्रवाऱ्याला तिने दारातच थोपवलं. पोर्टलंडचा जुना उच्चांक ४१.७ होता. २६ जूनला ४२.२, २७ ला ४४.४ आणि २८ ला ४६.७ झाले, म्हणजे तीन दिवसांत उच्चांक तीनदा मोडला. सिएटलला त्याच तीन दिवसांत ३८.९, ४०.० आणि ४२.२. मग २८ च्या संध्याकाळी समुद्राकडून वारा पोर्टलंडला आत शिरला आणि रात्रीत पारा २५ अंशांहून जास्त उतरला. आधी समुद्र किती घट्ट अडवला गेला होता, ते या एका रात्रीच्या उतारावरून समजावं.

आता तिसरी वाट, उन्हाची. ४९ अक्षांशावर सूर्य डोक्यावर येत नाही हे खरं, पण जूनअखेर तिथे दिवस १६ तासांहून मोठा असतो. अकोल्यात तो सव्वातेरा-साडेतेरा तासांचा. २१ जूनच्या आसपास वातावरणाच्या माथ्यावर पूर्ण दिवसात पडणारी सूर्याची एकूण ऊर्जा ४९ अक्षांशावर विषुववृत्तापेक्षाही जास्त असते, हे ऐकून आमच्या प्रशिक्षणवर्गातली मुलं दरवेळी चमकायची. एरवी त्यातली बरीच ऊर्जा ढग परतवतात आणि उरलेली ओल्या मातीतलं पाणी सुकवण्यात खर्ची पडते. त्या वर्षी वसंत कोरडा गेला होता. मातीत ओल कमी, वर ढग नाही, रात्र जेमतेम आठ तासांची. हीच लाट ऑगस्टअखेर आली असती, तर वरची मांडणी तशीच असूनही आकडे इतके चढले नसते असं मला वाटतं. मातीच्या कोरडेपणाचा वाटा किती यावर अभ्यासकांत एकमत नाही. माझा कल असा की किनाऱ्याजवळ तो कमी होता आणि आतल्या कोरड्या खोऱ्यांत जास्त.

लिटन अशाच खोऱ्यातलं गाव. फ्रेझर आणि थॉम्पसन या नद्यांच्या संगमावर, दोन्ही बाजूंना उंच डोंगर, किनाऱ्याकडच्या पर्वतांच्या पर्जन्यछायेत. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की पाऊस आटतो तसा प्रकार. कॅनडात ते आधीपासूनच उष्ण म्हणून ओळखलं जायचं. २७ जूनला तिथे ४६.६ झाले, २८ ला ४७.९ आणि २९ ला ४९.६. त्याआधी संपूर्ण कॅनडाचा उच्चांक ४५.० होता, १९३७ च्या जुलैमधला, सॅस्कॅचवान प्रांतातला. उच्चांक मोडतात ते सहसा अंशाच्या दशांशांनी. इथे चौऱ्याऐंशी वर्षं टिकलेला आकडा ४.६ अंशांनी मागे पडला. २८ तारखेचे ४७.९ म्हणजे नागपूरने मे २०१३ मध्ये गाठलेला आकडा. ३० जूनला लिटनला वणवा लागला आणि गावाचा बहुतेक भाग जळाला, दोन माणसं गेली.

आपल्या आणि त्यांच्या उष्णतेत एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे मैदानी भागात ४० च्या वर असताना कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेलं की उष्णतेची लाट, आणि ६.४ च्या पुढे गेलं की तीव्र लाट धरतात. पोर्टलंडचं जूनअखेरचं सरासरी कमाल तापमान २५ च्या आसपास आहे. २८ जूनला ते त्याच्या २१ अंश वर होतं. विदर्भात २१ अंशांची उडी शक्य नाही, कारण आपली सरासरीच छताजवळ असते आणि वरच्या हवेत इतकी मोठी वळणं आपल्या अक्षांशावर सहसा उतरत नाहीत. मध्यम अक्षांशांवर सरासरी खाली असते, पण दोन्हीकडे झोका मोठा बसतो. अकोल्याचं शरीर, अकोल्याची घरं आणि दुपारी दारं लावून घेणारी अकोल्याची माणसं ४५ साठी तयार असतात. ॲबॉट्सफर्डमध्ये कुणीच ४२ साठी तयार नव्हतं.

सगळ्या लाटा याच साच्यातल्या नसतात, म्हणून आणखी दोन उदाहरणं. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीला ४०.३ अंश झाले, ब्रिटनमध्ये ४० ओलांडण्याची ती पहिली वेळ. तिथे मात्र तुमचा वाळवंटाचा अंदाज पुष्कळ अंशी जुळतो: दक्षिणेकडून, स्पेन-फ्रान्सच्या बाजूने, तापलेली हवा थेट वर वाहून आली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. उलट २०१० चा रशिया. तिथे जुलै आणि निम्मा ऑगस्ट ब्लॉक जागचा हलला नाही. माती आधी सुकली, मग सुकलेली माती हवेला तापवत गेली, मग दलदलीतला पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर, पेटला. २९ जुलैला मॉस्कोत ३८.२ झाले. ५० हजारांहून अधिक माणसं गेल्याचा अंदाज आहे. आणि त्याच ब्लॉकच्या पूर्वेकडचं दक्षिणेला झुकलेलं वळण पाकिस्तानच्या उत्तर भागापर्यंत खाली आलं, मान्सूनच्या बाष्पाला त्याची जोड मिळाली आणि जुलैअखेर तिथे तो भयंकर पूर आला. एका टोकाला होरपळ आणि दुसऱ्या टोकाला पूर, दोन्ही एकाच लाटेची वळणं.

आता तुमचा हवामान बदलाचा प्रश्न. यात दोन वेगळे प्रश्न मिसळतात आणि त्यातून वाद होतात. पहिला: २८ जूनला पोर्टलंडला सरासरीपेक्षा २१ अंश जास्त झाले, त्यातले किती माणसाने वाढवलेल्या तापमानामुळे? वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाने लाटेनंतर काही दिवसांतच केलेल्या विश्लेषणात उत्तर आलं, साधारण २ अंश. बाकीचं काम वरच्या मांडणीचं. दुसरा प्रश्न: माणसाने हवामान तापवलं नसतं तर इतकी लाट येण्याची शक्यता किती होती? त्याच विश्लेषणानुसार आजच्या हवामानातही ही हजार वर्षांतून एकदा येण्याजोगी घटना होती, आणि ती वाढ झाली नसती तर ती किमान १५० पट दुर्मीळ, म्हणजे जवळजवळ अशक्य ठरली असती. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. ‘फक्त २ अंश’ म्हणून बदल नाकारणारे आणि ‘सगळं हवामान बदलामुळेच’ म्हणणारे, दोघेही एकेक उत्तर उचलून दुसरं सोडतात. शेवटचे २ अंश नगण्य नसतात. माणसाचं शरीर आणि वाळलेलं जंगल, दोन्ही शेवटच्या अंशांवरच हार खातात.

तापलेल्या आर्क्टिकमुळे जेट प्रवाह जास्त वळणं घेऊ लागला आहे का, असे ब्लॉक आता वारंवार होतात का, यावर माझ्या पेशातली चांगली माणसं एकमेकांशी असहमत आहेत. मी आज कुठल्याही बाजूने ठाम बोलणार नाही. खालची पायरी, म्हणजे सरासरी तापमान, उंचावली आहे, याबद्दल मात्र शंका नाही. तीच वळणं, तेवढीच मोठी, आता जास्त तापमानावर जाऊन थांबतात.

अंदाज चुकला होता का, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. नाही. जवळपास आठवडाभर आधी संगणकी प्रारूपं उच्चांकांच्या पलीकडचे आकडे दाखवू लागली होती. पण आकडा आजवर कधी नोंदलाच गेला नसेल, तर अंदाज लिहिणाऱ्याचा हात थबकतो. प्रारूप बिघडलं असावं असं वाटून दोन अंश कमी लिहावेसे वाटतात. मार्चमधल्या त्या दिवशी मीही कमीच आकडा लिहिला होता, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. अंदाज होता, इशारेही होते. लोकांच्या घरांत त्यांचा उपयोग होण्यासारखी व्यवस्था नव्हती.

आणि घराचा मुद्दा तुमच्या आईवडिलांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. ब्रिटिश कोलंबियात २५ जून ते १ जुलै या आठवड्यात उष्णतेने ६१९ माणसं गेली, असं प्रांताच्या मृत्यू-चौकशी विभागाने नंतर नोंदवलं. त्यातली ९८ टक्के घरात किंवा इमारतीच्या आत गेली. दोनतृतीयांश सत्तरी ओलांडलेली, निम्म्याहून अधिक एकटी राहणारी. आपल्याकडे उष्माघात म्हटलं की शेत, रस्ता, बांधकाम डोळ्यांसमोर येतं. तिथे तो बंद खोलीत झाला. ती घरं हिवाळ्यासाठी बांधलेली: उष्णता धरून ठेवणाऱ्या भिंती, मोठ्या काचा, आणि बहुतेकांकडे एसी नव्हता. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन चार-पाच तास आत येत राहतं. पहाटेपर्यंत घर निवत नाही आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात आदल्या दिवसाच्या उष्णतेवर होते. तुमचा जीव अकोल्यात ४५ ला घाबरा झाला नाही आणि तिथे ४२ ला झाला, याचं कारण बाहेरच्या आकड्यात शोधू नका. खोलीत रात्री किती होते, ते विचारा.

तर आईवडिलांना नेताना काय पाहायचं. पाच-सात दिवस आधीच्या अंदाजात कमाल तापमान रोज चढत जाताना दिसतं का, हे बघा. एका दिवसाच्या उंच आकड्यापेक्षा तीन दिवसांची चढण जास्त घातक. त्या प्रांतात २०२२ मध्ये इशाऱ्याच्या दोन पायऱ्या ठरवल्या गेल्या आणि वरची पायरी याच चढणीवर बेतलेली होती. त्याच्या खालोखाल रात्रीचं किमान तापमान बघा. वाऱ्याची दिशा पूर्वेची दाखवत असतील तर किनाऱ्याजवळ असूनही समुद्राच्या भरवशावर राहू नका. समुद्रवारा परत कधी येणार, तोच सुटकेचा दिवस. वरच्या हवेचे नकाशे बघायची हौस असेल तर ५०० हेक्टोपास्कलचा नकाशा उघडा, ५.९ किलोमीटरच्या वरची रेषा तुमच्या डोक्यावर येऊन दोन दिवस हलत नसेल, तर त्याच दिवशी एसी असलेली जागा शोधून ठेवा.

खोलीत एक साधा तापमापक टांगा. ज्येष्ठांसाठी घरातलं तापमान शक्यतो २६ च्या आत ठेवावं आणि ते सतत ३१ च्या वर राहू लागलं तर धोका मानावा, असं तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. अकोल्याहून आलेले तुमचे आईवडील ३१ ऐकून म्हणतील, यात काय एवढं. त्यांना सांगा की हा आकडा सावलीतल्या दुपारचा नाही, रात्री दोनला झोपायच्या खोलीतला आहे. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरच्या बाजूने पांढरी चादर किंवा कापडी आडोसा लावा. काचेच्या आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. आपल्या गावाकडे दुपारी दारं-खिडक्या लावून पहाटे उघडतात, तीच सवय तिथेही उपयोगी पडेल, फक्त तिथे ‘दुपार’ रात्री नऊपर्यंत चालते. वडिलांना रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी अकोल्यातल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. उष्णतेत त्या गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं का, हे तेच सांगू शकतील. आणि खोली तळमजल्यावरची किंवा तळघरातली मिळत असेल, तर तीच घ्या.